माउसला सुट्टी!



परवाच्या शनिवारची गंमत सांगते. आमच्या चौथीच्या वर्गात एक मुलगा आहे. हुशार, बडबड्या, पाढे तर तोंडपाठ. पण जन्मापासून त्याची बोटं त्याचं ऐकत नाहीत. पेन्सिल धरली की हात थरथरतो. एक ओळ लिहीपर्यंत अर्धा तास संपलेला असतो. कॉम्प्युटरच्या तासाला तो आपला शेवटच्या खुर्चीवर बसून इतरांचं बघत राहायचा. माउसला हात लावला की बाण पळालाच भलत्या कोपऱ्यात!

शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्याला आणि त्याच्या दोन मित्रांना थांबवून घेतलं. आमच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ आहे. त्यात 'व्हॉइस ॲक्सेस' नावाची सोय असते. सेटिंग्ज, मग ॲक्सेसिबिलिटी, मग स्पीच. तिथे ती सुरू करायची. पहिल्यांदा इंटरनेट लागतं, नंतर नसलं तरी चालतं. हुकूम मराठीत देता येत नाहीत, म्हणून आम्ही भारतीय इंग्रजी निवडली.

"ओपन नोटपॅड," तो हळूच म्हणाला. आणि उघडलं की हो! मग काय, मित्रांना कुठला धीर? एक ओरडला, "ओपन पेंट!" दुसरा, "क्लोज, क्लोज!" वर पंख्याची घरघर. कॉम्प्युटर पार गोंधळला. हुकूम कुणाचा, हे तो बघत नाही ना! शेवटी पंखा बंद केला, मित्रांच्या तोंडावर बोट, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

पण खरी पंचाईत पुढेच होती. पडद्यावर बारीक बारीक चित्रं असतात. त्यांची नावं कुणाला ठाऊक? आपण माणसांना "ते बघ, ते तिकडचं" असं सांगतो. कॉम्प्युटरला 'ते तिकडचं' कळत नाही. अशा वेळी म्हणायचं, "शो नंबर्स." दाबता येण्याजोग्या प्रत्येक जागेवर एकेक आकडा येऊन बसतो. मग "क्लिक सेव्हन" म्हटलं की सातवी जागा दाबली जाते. आणि जिथे काहीच नाही अशा जागी बाण न्यायचा असेल तर? "शो ग्रिड" म्हणा. पडद्याचे ९ चौकोन होतात. एकाचा आकडा सांगितला की त्या चौकोनाचे पुन्हा ९. पत्त्यात आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव असतं ना, तसंच. तीन वेळा आकडा सांगितला, तर पडद्याचा कितवा भाग हाती आला? करा गुणाकार. (७२९वा! बरोबर आलं का?)

ही विद्या एका दिवसात आलेली नाही बरं. १९५२ साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये 'ऑड्री' नावाचं यंत्र झालं. त्याला शून्य ते नऊ एवढेच आकडे कळायचे, तेही थांबून थांबून बोललं तर. १९६२ मध्ये आयबीएम कंपनीने सिॲटलच्या जागतिक प्रदर्शनात 'शूबॉक्स' मांडलं, त्याला १६ शब्द येत होते. न थांबता सलग बोललेलं टिपून घेणारं 'ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग' घरोघरच्या कॉम्प्युटरसाठी आलं ते १९९७ मध्ये.

हुकूम मराठीत चालत नाहीत, पण मजकूर मराठीत सांगता येतो. मराठी कीबोर्ड निवडून विंडोजची खूण असलेलं बटण आणि 'एच' एकदम दाबायचं. ते मित्राने दाबलं. मी म्हटलं, "सांग आता निबंध. माझी आजी."

पहिल्याच ओळीत 'आजी'चं झालं 'आज ही'! सगळे खो खो हसले, तोही हसला. मग त्याने नीट, सावकाश सांगितलं. आजी त्याला रोज कडेवर घेऊन शाळेत आणायची, आता तिचे गुडघे दुखतात म्हणून रिक्षा केली आहे, रिक्षात ती त्याचा हात धरून बसते. अकरा ओळी झाल्या. विरामचिन्हं तेवढी मित्रांनी घातली. वर्षभर मी त्याच्या वहीत दोन ओळींच्या वर काही पाहिलं नव्हतं. आणि मी समजत होते, याला निबंध सुचत नाही!

छापलेला कागद त्याने दप्तरात ठेवायला दिला आणि मला विचारलं, "बाई, परीक्षेतपण असंच लिहू?"

सोमवारी मी मुख्याध्यापकांकडे अर्ज दिला आहे. उत्तर आलं की तुम्हाला कळवीनच.

तुमच्या बाई