दुखत नाही, म्हणूनच दाखवा

मंडळी, आजाराला आपण 'दुखणं' म्हणतो. त्यामुळे जे दुखत नाही तेही डॉक्टरांना दाखवायचं असतं, हे कुणाच्या गावीच नसतं. हातापायांच्या नसांचे, म्हणजे मज्जातंतूंचे आजार नेमके इथेच फसवतात.

मधुमेहात सर्वांत लांबच्या नसा आधी बिघडतात. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून, बहुधा दोन्ही पायांत सारखीच. आधी मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, आणि पुढे काहीच जाणवेनासं होतं. लोकांना वाटतं, बरं वाटू लागलं! मग सोलापूरच्या मे महिन्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर पाय पोळला तरी कळत नाही. फोड दिसतो घरी आल्यावर, तोही दिसला तर.

कुष्ठरोगाचंही मूळ हेच. बोटं आपोआप झडतात असा समज होता. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की संवेदना गेल्यामुळे न कळता होणाऱ्या जखमा हे त्यामागचं मोठं कारण आहे. २००५ साली देशपातळीवर कुष्ठरोगाचं 'दूरीकरण' जाहीर झालं. पण त्याचा अर्थ रोग संपला असा नव्हे. आपल्या राज्यात आजही नवे रुग्ण सापडतात. न दुखणारा, न खाजणारा बधिर चट्टा दिसला की सरकारी दवाखाना गाठावा. औषध फुकट आहे.

निदानात पहिला प्रश्न असतो, 'बधिर कुठे?' करंगळी असेल तर बहुधा कोपराजवळची नस. अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटं असतील तर मनगटातली. दिवसभर विड्या वळणाऱ्या आपल्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावं. कधी कारण बी-१२ ची कमतरता इतकं साधं असतं. 'वयाप्रमाणे चालायचंच' म्हणून सोडून द्यायचं नाही ते यासाठीच. वेळ गेली की नस पूर्वीसारखी होईलच असं नाही.

माझं म्हणणं एवढंच. आपल्याकडे कितीतरी दवाखान्यांत चपला दाराबाहेर काढून आत जातो, पण आत गेल्यावर पाय कुणी बघत नाही! साखरेचा आकडा पाहिला की चिठ्ठी हातात. खरं तर नायलॉनचा एक धागा टेकवून आणि कंप पावणारा चिमटा लावून दोन मिनिटांत तपासणी होते. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा तरी ती व्हायलाच हवी.

तेव्हा पुढच्या खेपेला संकोच न करता म्हणा, "डॉक्टर, जरा पाय बघता का?"