बाग, बो-टाय आणि दस्तरखान

लग्नपत्रिकेच्या तळाशी हल्ली एक नवी ओळ दिसू लागली आहे. पूर्वी तिथे 'चश्म-बराह' म्हणून चाचा-मामूंची नावे असत. ती अजूनही असतात, पण त्यांच्या खाली छापलेले असते, 'निकाह : अस्रनंतर, हिरवळीवर. वलीमा : दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. पोशाख : ब्लॅक टाय, थोड्या गमतीसह.' ही ओळ वाचून दादी विचारते, "काळी टाय? लग्नाला जायचंय की मयतीला?" नातवंडे हसतात आणि म्हणतात, "दादी, ती थीम आहे."

घरोघरी या एका ओळीवरून दोन तट पडलेले आम्ही पाहतो. एका बाजूला 'हे आपले नव्हे' म्हणणारे मोठे, दुसऱ्या बाजूला 'एकदाच तर लग्न होते' म्हणणारी मुले. वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, दोघांचेही थोडे ऐकून घेऊ.

आधी बागेबद्दल. उघड्यावरचे लग्न आपल्याला नवीन नाही. मंगल कार्यालये आणि हॉल आले ते नंतर. त्याआधी घरासमोरच्या अंगणात मांडव पडत असे, निकाह मशिदीत किंवा तिच्या अंगणात होई, आणि गल्लीत सतरंज्या अंथरून पंगती बसत. दुल्ह्याच्या चेहऱ्यावर मोगरा-गुलाबाचा सेहरा म्हणजे एक छोटी बागच असे. निकाहला लागते ते थोडके : दोघांची रजामंदी, ईजाब-कबूल, गवाह आणि मेहर. त्यात छताची अट कुठेच नाही.

उघड्या आकाशाखालच्या एका वलीम्याची हकीकत तर हदीसमध्येच आली आहे. खैबरहून मदीनेला परतताना वाटेतल्या मुक्कामी हजरत सफिया (रजि.) यांच्याशी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांचा विवाह झाला. हजरत अनस (रजि.) सांगतात की त्या वलीम्यात रोटी नव्हती आणि गोश्तही नव्हते. जमिनीवर चामड्याचे दस्तरखान अंथरले गेले आणि त्यावर खजूर, सुके पनीर व तूप मांडले गेले. ज्याच्याकडे जे होते ते त्याने आणले. इतक्या साध्या थाटात, सफरीत, आभाळाखाली झालेला हा वलीमा आजही आपण आठवतो. म्हणून मुलांनी झाडाखाली निकाह मागितला तर मोठ्यांनी बिचकू नये.

आता ब्लॅक टायबद्दल. अनेकांना वाटते, ब्लॅक टाय म्हणजे ऑफिसची लांब टाय, फक्त काळी. तसे नाही. हा एका संपूर्ण पोशाखाचा संकेत आहे : काळा डिनर जॅकेट, पांढरा शर्ट आणि गळ्याला काळा बो. या कोटाचा जन्म मात्र ऐटीतून झाला नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या बड्या घरांत रात्रीच्या जेवणाला मागे दोन शेपट्या असलेला लांब कोट घालावा लागे. युवराजाने, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डने, घरच्या जेवणासाठी लंडनच्या हेन्री पूल या शिंप्यांकडून बिनशेपटीचा आखूड कोट शिवून घेतला. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ १८८६ साली टक्सिडो पार्क नावाची श्रीमंतांची वसाहत सुरू झाली. तिथल्या क्लबात हा कोट रूढ झाला आणि गावाचे नाव कोटाला चिकटले. थोडक्यात, ताठरपणाला कंटाळलेल्या माणसाने जेवताना मोकळे वाटावे म्हणून केलेली ही सोय होती. आज तोच कोट सर्वांत ताठर समजला जातो.

त्यात आपलाही एक वाटा आहे. या पोशाखात कमरेला जो रुंद चुणीदार पट्टा बांधतात, त्याला इंग्रज 'कमरबंड' म्हणतात. हा शब्द आपला कमरबंद. हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी उकाड्यात जाकिटाऐवजी तो बांधायला सुरुवात केली आणि मायदेशी घेऊन गेले. तेव्हा पुढच्या वेळी कुणी 'हे सगळे परके' म्हणाले, तर कमरबंदाकडे बोट दाखवावे.

काळ्या रंगाचा अपशकुन आपल्या दीनमध्ये नाही. मक्का फतह झाली त्या दिवशी प्रेषितांच्या (सल्ल.) मस्तकावर काळा अमामा होता, असे हदीसमध्ये आले आहे. मात्र एक गोष्ट पाहून घ्यावी. डिनर जॅकेटच्या कॉलरची चकचकीत पट्टी आणि चांगला बो हे मूळ रीतीप्रमाणे रेशमाचे असतात, आणि अस्सल रेशीम पुरुषांना मना आहे. हजरत उमर (रजि.) यांच्या रिवायतीत दोन, तीन, चार बोटे रुंदीपर्यंतची सवलत येते. साटीन हे विणीचे नाव आहे. साटीन पॉलिएस्टरचेही असते. लेबल वाचावे, शंका वाटली तर आपल्या आलिमांना विचारावे.

इथवर मुलांची बाजू झाली. आता जी गोष्ट आम्हाला खरोखर बोलायची आहे, तिच्याकडे येऊ.

शाळेत आम्ही एक गोष्ट वर्षानुवर्षे पाहतो. बालदिनाला सूचना निघते, 'उद्या गणवेश नको, रंगीत कपडे घालून या.' मुले खूश होतात. दुसऱ्या दिवशी वर्ग फुलपाखरांसारखा दिसतो, पण दोन-तीन जागा रिकाम्या असतात. परवा ती मुले परत येतात आणि सांगतात, "पोट दुखत होतं." ज्या घरात गणवेशाशिवाय दुसरा धड जोड नाही, त्या घरातल्या मुलाचे पोट नेमके त्याच दिवशी दुखते. शिक्षकाला हे कळते. मुलगा ते कधी सांगत नाही, आणि सांगायला लावूही नये.

मोठी माणसेही तशीच असतात. पत्रिकेवर 'ब्लॅक टाय' वाचून रिक्षा चालवणारे मामू काही बोलत नाहीत. शिलाईवर घर चालवणारी खाला पत्रिका कपाटात ठेवते. लग्नाच्या दिवशी फोन येतो, "तबियत ठीक नाही बेटा, दुआ आहेच." घरच्यांना वाटते, खरेच बरे नसेल. आणि हिरवळीवर त्यांची खुर्ची रिकामी राहते.

रिसेप्शन म्हणजे आपला वलीमाच, आणि वलीम्याबद्दलची ताकीद स्पष्ट आहे. ज्या वलीम्याला धनवानांना बोलावले जाते आणि गरिबांना वगळले जाते, त्याचे खाणे सर्वांत वाईट, अशा अर्थाची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. दावत कबूल करावी असेही तिथेच सांगितले आहे. मग बोलावणाऱ्याचे काम काय? येणाऱ्याला येणे सोपे करणे. पत्रिका देऊनही माणूस येऊ शकणार नाही अशी अट घातली, तर तेही वगळणेच झाले. फक्त ते कुणाला दिसत नाही.

यावर उपाय सोपा आहे, आणि त्यात थीमची गंमत कमी होत नाही, वाढते. पत्रिकेवर 'पोशाख' म्हणून हुकूम छापू नका. लिहा, 'ईदचे कपडे घालून या, बो आमच्याकडून.' मुहल्ल्यातल्या शिंप्याला काळे कापड द्या. एका मीटरमध्ये डझनभर बो सहज निघतात, मागे इलॅस्टिक किंवा पिन लावून मिळतात. दाराशी टोपली ठेवा. शेरवानीवर बो, कुर्त्यावर बो, नानांच्या सदऱ्यावर बो, पोरांच्या टी-शर्टवर बो. बायकांसाठी काळी रिबन लावलेले मोगऱ्याचे गजरे ठेवा. सगळे सारखे नटतील आणि भाड्याचा कोट कुणालाही आणावा लागणार नाही.

बागेतल्या लग्नाची तयारी हॉलपेक्षा वेगळी असते, म्हणून काही गोष्टी आधीच ठरवाव्यात. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो. अस्रनंतरचा निकाह वेळेवर लागला नाही तर मगरिबची धावपळ होते. एका कडेला किब्ल्याची दिशा पाहून सतरंज्या अंथरून ठेवा, वुजूच्या पाण्याची सोय करा, बायकांसाठी वेगळी आडोशाची जागा ठेवा. रात्री दव पडते, म्हणून वृद्धांच्या खुर्च्या छताखाली असाव्यात. खुर्चीचे पाय आणि उंच टाचा गवतात रुततात, तेव्हा प्रवेशापासून स्टेजपर्यंत जाड चटई हवी. स्वच्छतागृह किती दूर आहे हे लॉन ठरवण्यापूर्वी दादीला सोबत नेऊन पाहा. डासांचा बंदोबस्त विसरू नका. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही, आणि त्याआधीही परवानगी लागते. शेजारच्या घरातही कुणाची परीक्षा असते, कुणी आजारी असते.

उरलेल्या अन्नाचे काय करायचे हे लग्नाच्या रात्री नव्हे, आठवडाभर आधी ठरवा. कोण नेणार, कशात नेणार, कुठे पोचवणार, हे एका जबाबदार मुलाकडे सोपवा.

शेवटची बाब पैशाची, आणि ती टाळून चालणार नाही. लॉन, फुले, दिवे, फोटो यांचा खर्च वाढत जातो आणि हळूहळू मुलीच्या बापाकडे सरकतो. वलीमा मुलाकडचा असतो, थीम मुलांची असते, मग कर्ज मुलीच्या अब्बांच्या नावावर का? आणखी एक तऱ्हा आम्ही पाहतो. लॉनवाल्याला बयाणा रोख आणि नवरीचा मेहर मात्र उधार. मेहर हा तिचा हक्क आहे. तो आधी बाजूला काढा, उरलेल्यात बाग सजवा. मग चार दिवे कमी लागले तरी चालेल.

पत्रिका छापायला देण्यापूर्वी एक करा. कच्चा मसुदा घेऊन खानदानातल्या सर्वांत तंगीत असलेल्या घरी जा आणि तो वाचून दाखवा. त्यांनी "तारीख काय आहे?" असे विचारले तर खुशाल छापा. "आम्ही काय घालायचं?" असे विचारले, तर ती ओळ बदलून मगच छापखान्यात जा. आणि निघताना त्यांना सांगून या, की निकाहच्या वेळी पहिल्या रांगेतली जागा त्यांची आहे.