विनोदामागची धडधड

अमेरिकी विनोदवीर बो बर्नहॅम यांनी करोनाकाळात एका खोलीत एकट्याने ‘इनसाइड’ हा संगीतमय विनोदी कार्यक्रम केला. २०२१मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला. रंगमंचावर पॅनिक अटॅक येत म्हणून पाच वर्षे प्रयोग थांबवले होते, हेही ते त्यात सांगतात. असा झटका आला की छाती धडधडते, श्वास अपुरा पडतो, जीव जातो की काय असे वाटते. झटका बहुधा काही मिनिटांत ओसरतो. भीती मात्र उरते आणि माणूस ती जागाच टाळू लागतो. टाळल्याने लगेच बरे वाटते, नेमके त्यामुळेच भय मुरते. म्हणून उपचारात त्या जागेकडे हळूहळू परत नेतात. बर्नहॅमही सावरून २०२०च्या जानेवारीत परतण्याच्या विचारात होते, तेवढ्यात महासाथ आली.

ती ओसरली, पण खोलीत बसून आपल्याच उदासीवर विनोद करायचा आणि तो मोबाइलवरून जगाला दाखवायचा, हे अनेक तरुणांच्या अंगवळणी पडले आहे. त्याने मन मोकळे होते, हे अर्धेच खरे. हसऱ्या इमोजींचा पाऊस पडतो; ‘रात्री झोप लागते का?’ असे विचारणारे कोणी नसते. घरातल्यांनी तेवढे तरी विचारावे. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.