चेन्नई भामरागडच्या पश्चिमेला

जेवणं आटोपून मंडळी बडीशेपेपर्यंत आली की मी एक प्रश्न टाकतो: चेन्नई जास्त पूर्वेला की महाराष्ट्र? लोक माझी कीव आल्यासारखे बघतात. चेन्नई म्हणजे बंगालचा उपसागर, महाराष्ट्र म्हणजे अरबी समुद्र, यात विचारायचं काय? मग नकाशा निघतो. चेन्नई साधारण ८०.३ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि महाराष्ट्राचं पूर्वेकडचं टोक गडचिरोली जिल्ह्यात ८०.९ अंशांवर. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी जिथे भेटतात ते भामरागडसुद्धा चेन्नईच्या पूर्वेला आहे. मुंबई आणि भामरागड यांच्या अक्षांशात फारसा फरक नाही, पण भामरागडला सूर्य सुमारे अर्धा तास आधी उगवतो. घड्याळ दोघांचं एकच, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

एकदा हा नाद लागला की सुटत नाही. नागपूर दिल्लीच्या पूर्वेला आहे, बंगळुरूच्या आणि कन्याकुमारीच्याही. अहिल्यानगर आणि श्रीनगर जवळजवळ एकाच रेखावृत्तावर. पुण्याहून सरळ दक्षिणेकडे नाक करून निघालात तर थेट पणजीला पोहोचाल (रस्ता तसा जात नाही, हा भाग वेगळा).

यात छापील नकाशाचा काही दोष नाही. आपण तो डोक्यात ठेवताना परस्पर इस्त्री करतो. शाळेत ‘नकाशाच्या आराखड्यात दाखवा व सूची द्या’ यात पैकीच्या पैकी मिळवलेल्यांचंही हेच होतं. अमेरिकेत स्टीव्हन्स आणि कूप या संशोधकांनी १९७८ साली हे तपासलं होतं. कॅलिफोर्नियातलं सॅन डिएगो आणि नेवाडातलं रीनो, यांतलं पश्चिमेकडचं कोणतं? कॅलिफोर्निया नेवाडाच्या पश्चिमेला, म्हणून लोक बेधडक सॅन डिएगो म्हणत. प्रत्यक्षात रीनो पश्चिमेला आहे. गावाची जागा लक्षात राहत नाही, राज्याची राहते, आणि मग राज्य गावाला आपल्याबरोबर ओढून नेतं. बार्बरा ट्व्हर्स्की यांनी १९८१ साली दाखवलं की रोम आणि फिलाडेल्फिया यांत उत्तरेकडचं कोणतं, यावरही बहुतेकजण चुकतात. उत्तर रोम आहे. युरोप आणि अमेरिका आपण मनात एका ओळीत मांडून ठेवलेले असतात, म्हणून हा घोटाळा. पनामा कालव्याचं तर विचारूच नका. अटलांटिककडून पॅसिफिककडे, म्हणजे समजुतीप्रमाणे पश्चिमेकडे निघालेलं जहाज कालव्याच्या दुसऱ्या तोंडाशी पोहोचतं तेव्हा आधीपेक्षा पूर्वेला असतं.

आता कागदाची बाजू. तोही काही धुतल्या तांदळासारखा नाही.

जूनमध्ये वह्यांना ब्राऊन पेपरची कव्हरं घालणाऱ्या कोणालाही हे समजेल. वहीला कव्हर बसतं. तेच चेंडूला घालून बघा. एक तर चुण्या पडतात, नाही तर कात्री घ्यावी लागते. गोल पृष्ठभाग सगळी मापं शाबूत ठेवून सपाट करता येत नाही, हे कार्ल फ्रीडरिश गाउसने १८२७ साली गणिताने सिद्ध केलं. म्हणजे पृथ्वीचा कुठलाही सपाट नकाशा कुठे ना कुठे खोटा असणारच. खोटेपणा क्षेत्रफळात घालायचा, आकारात, अंतरात की दिशेत, एवढंच नकाशा काढणाऱ्याच्या हाती उरतं. प्रक्षेपण निवडणं म्हणजे हीच निवड.

गेरार्डस मर्केटरने १५६९ साली अठरा कागद जोडून जगाचा नकाशा काढला तेव्हा त्याने क्षेत्रफळावर पाणी सोडलं. पृथ्वीगोलावर रेखावृत्तं ध्रुवांकडे जाताना एकमेकांच्या जवळ येतात. साठ अंश अक्षांशावर त्यांच्यातलं अंतर विषुववृत्तावरच्या निम्मं होतं. मर्केटरने ती समांतर उभी केली, म्हणजे तिथली जमीन पूर्व-पश्चिम दुप्पट ताणली गेली. आकार बिघडू नये म्हणून मग त्याने ती उत्तर-दक्षिणही तितकीच ताणली. परिणामी क्षेत्रफळ चौपट. पुढे ध्रुवांकडे तर धरबंधच राहत नाही.

म्हणूनच त्या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. खरं तर आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतात. आपल्याकडे कोणी सांगत नाही ती गोष्ट अशी, की भारतच ग्रीनलंडच्या दीडपट आहे: ग्रीनलंड जेमतेम २२ लाख चौरस किलोमीटर, आपण जवळपास ३३ लाख. माझं आवडतं उदाहरण मात्र घरचं आहे. मर्केटरच्या नकाशावर ब्रिटन महाराष्ट्राच्या साधारण दुप्पट दिसतं. प्रत्यक्षात उत्तर आयर्लंड धरूनही ते २.४४ लाख चौरस किलोमीटर आणि महाराष्ट्र ३.०८ लाख, म्हणजे आपणच त्यांच्या सव्वापट. दीडशे वर्षं राज्य केलेल्यांच्या बाबतीत हा हिशेब करताना जरा बरं वाटतं, हे कबूल करतो.

पण म्हणून मर्केटरला साम्राज्यवादाचा भाट ठरवायची जी टूम निघाली आहे, ती मला पटत नाही. नकाशा दर्यावर्दी लोकांच्या उपयोगासाठी आहे, असं त्याने शीर्षकातच छापलं होतं. होकायंत्राचा एकच कोन धरून चालणाऱ्या जहाजाची वाट त्याच्या कागदावर सरळ रेषेत येते. पट्टी ठेवा, कोन मोजा, सुकाणू धरा. एवढं मिळत असेल तर ग्रीनलंड किती फुगलंय याची खलाशाला काय फिकीर? हा नकाशा जहाजावरून उतरून शाळेच्या भिंतीवर गेला, तो पुढच्यांनी नेला.

सरळ वाट म्हणजे जवळची वाट नव्हे, ही त्यातली खरी गंमत. मर्केटरच्या नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी ठेवलीत तर रेषा सौदी अरेबिया, इजिप्त, सहारा आणि मोरोक्को ओलांडून अटलांटिकमध्ये उतरते. आता पृथ्वीगोल घ्या आणि त्याच दोन गावांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा मुंबईहून निघतो तोच वायव्येपेक्षाही उत्तरेकडे कलून, मॉस्कोच्या जवळून जातो, मग नॉर्वे, आइसलंड आणि चक्क ग्रीनलंडचं दक्षिण टोक. पट्टीची वाट या दोऱ्यापेक्षा दीड हजार किलोमीटरहून जास्त लांब पडते. मुलांकडे अमेरिकेला निघालेले आजी-आजोबा समोरच्या पडद्यावर विमानाची कमानदार वाट बघून ‘अहो, हा एवढा वर कशाला चाललाय?’ म्हणतात, त्याचं उत्तर हे. वारा आणि बंद असलेली हवाई हद्द बघून वैमानिक वाट बदलतात, पण हिशेब सुरू होतो या दोऱ्यापासूनच.

क्षेत्रफळ जपणारे नकाशेही आहेत. जर्मन इतिहासकार आर्नो पीटर्सने १९७३ साली बॉनमध्ये पत्रकारांना बोलावून आपला ‘न्याय्य’ नकाशा मांडला आणि मोठं वादळ उठलं. जेम्स गॉल या स्कॉटिश पाद्र्याने तसाच नकाशा १८५५ सालीच मांडला होता, हे नंतर निघालं. क्षेत्रफळ त्यात चोख, पण आफ्रिका पार लोंबल्यासारखी दिसते. आर्थर रॉबिन्सन या नकाशातज्ज्ञाला त्यातले खंड आर्क्टिक वृत्ताच्या दोरीवर वाळत टाकलेल्या ओल्या, फाटक्या अंतर्वस्त्रांसारखे वाटले. टीका झोंबणारी होती खरी, पण नकाशा समोर ठेवला की हसू आवरत नाही. २०१८ साली आलेलं ‘इक्वल अर्थ’ प्रक्षेपण जास्त देखणं आहे. क्षेत्रफळ तेवढंच खरं, आणि खंड ओळखू येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आफ्रिकी महासंघाने मर्केटर हटवून हा नकाशा आणण्याच्या मोहिमेला पाठिंबा दिला. ही मागणी मला रास्त वाटते. शाळेच्या भिंतीवरून कोणी जहाज हाकत नाही. तिथे देशांची मापं खरी हवीत.

खिशातला मर्केटर मात्र हटणार नाही. गूगलचा नकाशा त्याच घराण्यातला, कारण लहान जागेत त्याचे कोन बिघडत नाहीत. लक्ष्मी रस्ता आणि बाजीराव रस्ता जसे छेदतात तसेच पडद्यावर छेदतात. २०१८ पासून संगणकावर तो पुरता लहान करत नेला की पृथ्वीगोल दिसतो, ही सुधारणा चांगलीच. सपाट रूपात मात्र तो ८५ अंशांवर कापलेला असतो. मर्केटरच्या हिशेबात ध्रुव अनंत अंतरावर जातात, कागद कितीही लांब घेतला तरी ते येणार नाहीत, म्हणून कुठेतरी कात्री लावावीच लागते. त्यापलीकडे कोणाला रिक्षा बोलवायची नसते, त्यामुळे अजून तक्रार आलेली नाही.