केसपेपरवर उचल लिहा

‘अंगावर पांढरं जातंय’ एवढंच बाई सांगते. गोळ्यांचा कोर्स, नवऱ्यालाही औषध, पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवा. डॉक्टरच्या लेखी यात अवघड काही नाही. पण ती बीडची असेल आणि ऊसतोडीला, म्हणजे कोयत्याला, जाणारी असेल, तर हीच केस भल्याभल्यांना सुटत नाही.

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाने आगाऊ दिलेली रक्कम, म्हणजे उचल, दोघांच्या डोक्यावर. एक दिवस अंथरुण धरलं की खाडा, आणि तो उचलीत चढतो. दिवसभर फडात तोडणी, गाडी आली की अवेळी मोळ्या डोक्यावर घेऊन भरणी. पाचटाच्या कोपीला ना न्हाणी, ना संडास. पाळीचं कापड धुवायचं कुठे, हाच प्रश्न. ‘पंधरा दिवसांनी’ ती सांगलीत असेल, नाहीतर कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्यावर. एकाच डॉक्टरला ती दुसऱ्यांदा दिसतच नाही. मग कुणीतरी कॅन्सरची भीती घालतं, ‘गर्भपिशवी काढून टाक, कटकट जाईल’ म्हणतं, आणि तिला ते पटतं. हिशेब तिच्या बाजूनेही बरोबरच असतो, हे आपल्याला झोंबायला हवं.

2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहातली एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या बायकांत देशभर हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. ओरड झाली, आणि खासगी दवाखान्यांना या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. बरं झालं. पण परवानगी पिशवीपुरतीच विचारते: काढायची की ठेवायची? नकार मिळालेली बाई तेच दुखणं घेऊन गाडीत बसते.

रुग्ण किती गुंतागुंतीचा हे मोजायची ‘इंटरमेड’ नावाची एक पद्धत नेदरलँड्समध्ये तयार झाली. शरीर, मन, भोवतालची परिस्थिती आणि उपचारव्यवस्था अशा चार बाजूंनी वीस बाबी तपासायच्या, प्रत्येकीला 0 ते 3 गुण. साठांपैकी 21 गुण झाले की उपचार वेगळे आखायचे. आमच्या बाईला शरीराच्या रकान्यात जेमतेम दोन-तीन गुण पडतील. उरलेले तीन रकाने मात्र भरून वाहतील, आणि आपल्या केसपेपरवर नेमके तेच नाहीत.

वीस बाबी राहू द्या. बाह्यरुग्ण विभागातल्या रांगेत तेवढी उसंत कुणाला आहे? चार विचारा. उचल किती? गाडी कधी निघणार? कारखाना कोणता? नवरा बरोबर आलाय का? उत्तरं मिळाली की कामं आपोआप सुचतात. कोर्स हातात द्यायचा, नवऱ्याला त्याच दिवशी आत बोलवायचं, ज्या कारखान्यावर जाणार तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नावाने चिठ्ठी लिहायची, मुकादमाला बिनखाड्याच्या सुट्टीसाठी बोलावून घ्यायचं. यासाठी सर्जन लागत नाही, भूलतज्ज्ञही नाही. लागते ती वेळ, आणि गाड्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. श्रावण-भादव्यात ही बाई गावातच असते.