राखीव जागा आहे, अर्ज मात्र भरता येत नाही

इमारतीच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधला की अपंगांची सोय झाली, असे आपली विद्यापीठे मानतात. परंतु आज विद्यापीठाचा पहिला दरवाजा म्हणजे त्याचे संकेतस्थळ. प्रवेशअर्ज, परीक्षाअर्ज, निकाल, नोकरभरतीची जाहिरात, सारे तेथेच. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने (सरकारी भाषेत आता 'दिव्यांग', नाव बदलायला खर्च येत नाही) सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणात किमान ५ टक्के जागा आणि सरकारी आस्थापनांत किमान ४ टक्के पदे राखून ठेवली. अर्जच भरता येत नसेल, तर या टक्क्यांचे करायचे काय?

दृष्टिहीन व्यक्ती संगणकावर स्क्रीन रीडर वापरते. तो पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो. 'एनव्हीडीए'सारखा स्क्रीन रीडर तर फुकट मिळतो. पण परिपत्रकावर सही-शिक्का मारून त्याचे नुसते स्कॅन चढवले, की ते चित्र होते, मजकूर राहत नाही. मराठी-हिंदी मजकूर युनिकोडऐवजी जुन्या फाँटमध्ये असेल, तर कानावर निरर्थक इंग्रजी अक्षरे पडतात. त्यातून पार पडलेच, तर शेवटी 'चित्रातील अक्षरे ओळखा' हे आहेच. मग कोणीतरी डोळस माणूस शोधायचा आणि त्याला आपला पासवर्ड सांगायचा.

सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात, सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवणे कायद्याला धरून नाही, असा निकाल दिला. ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. 'निधी आला की बघू' हे उत्तर आता आम्हाला मान्य नाही.

यात संघटनेचा काय संबंध, असे कोणी विचारील. विद्यापीठांत अपंग प्राध्यापक आहेत, लिपिक आहेत. रजेचा अर्ज आणि पगाराची स्लिपही आता संगणकावरच असते. संकेतस्थळाचे काम कंत्राटाने दिले जाते आणि निविदेत अट नसेल तर कंत्राटदार ते करणार नाही. परिपत्रक चढवणारा आपला सहकारी बहुधा हंगामी असतो, त्याला कोणी प्रशिक्षण दिलेले नसते. खापर त्याच्यावर फोडू नये.

शिक्षक व शिक्षकेतर संघटनांनी पुढच्या मागणीपत्रात हे घालावे: निविदेत सुगम्यतेची अट, कामाच्या वेळेत प्रशिक्षण, आणि बिल मंजूर होण्यापूर्वी अपंग विद्यार्थी-कर्मचाऱ्यांकडून, योग्य मोबदला देऊन, तपासणी. आणि हो, आपल्या संघटनांची परिपत्रकेही स्कॅन होऊनच फिरतात. पुढचे परिपत्रक युनिकोडमध्ये टाइप करून पाठवू या.