हिंसक गेमवर बंदी नको, वयाची पाटी हवी

मार्च २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी पबजी खेळणाऱ्या दहा जणांना पकडले. त्यांत कॉलेजचे विद्यार्थीही होते. शहराच्या पोलिस आयुक्तांनी काही दिवसांपूर्वीच या मोबाइल गेमवर बंदीचा आदेश काढला होता आणि तो मोडला म्हणून भारतीय दंड संहितेचे १८८ कलम लावण्यात आले. गोव्याचे तेव्हाचे माहिती तंत्रज्ञानमंत्री रोहन खंवटे त्याच सुमारास या गेमला घराघरांत शिरलेला राक्षस म्हणत होते आणि त्याला आवर घालणारा कायदा मागत होते. मुंबईत अकरा वर्षांच्या एका मुलाच्या नावाने उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. पबजीमुळे मुलांमध्ये हिंसा आणि आक्रमकता वाढते, असे तिचे म्हणणे होते. न्यायालयाने केंद्र सरकारला हा गेम तपासून पाहायला सांगितले.

पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइल खरोखरच देशभर बंद झाला. पण त्या ११८ ॲपच्या यादीमागे मुलांची काळजी नव्हती. गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या संघर्षानंतर चीनशी संबंध असलेल्या ॲपवर देशाचे सार्वभौमत्व आणि माहितीची सुरक्षितता या कारणांनी ती कारवाई झाली. जुलै २०२१ मध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने जवळपास तोच गेम ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने परत आणला. रक्ताचा रंग हिरवा केला. शंभर जण बेटावर उतरतात, एकमेकांना टिपतात आणि शेवटी एक उरतो, हा गाभा तसाच राहिला. २०२२ च्या जुलैत तोही बंद, २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा सुरू, या वेळी अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा. एवढ्या उलथापालथीत कोणत्या वयाला कोणता गेम योग्य, हे ठरवणारी सरकारमान्य यंत्रणा मात्र उभी राहिली नाही. खरी उणीव ती आहे.

या वाटेने अमेरिका आपल्या किती तरी आधी गेली आहे. तिथे १९९३ मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’ घरच्या टीव्हीवर आला. हरलेल्याचे हृदय उपटून काढण्याची सोय असलेला हा मारामारीचा गेम. निन्टेन्डोने आपल्या आवृत्तीत रक्त काढून टाकले आणि त्या जागी राखाडी घाम दाखवला. सेगाने एका सांकेतिक क्रमाने बटणे दाबली की रक्त दिसेल अशी व्यवस्था ठेवली. खपात सेगा पुढे गेली आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या भागात निन्टेन्डोनेही रक्त येऊ दिले. रंग बदलण्याचा उपाय तिथे वर्षभरही टिकला नाही.

९ डिसेंबर १९९३ रोजी सेनेटमध्ये या विषयावर सुनावणी झाली. जो लिबरमन आणि हर्ब कोल हे दोन सेनेटर पुढे होते. उद्योगाने स्वतःहून वयोगट ठरवावेत, नाहीतर सरकार ते करील, असा त्यांचा इशारा होता. त्या दबावातून १९९४ मध्ये गेमना वयाचे मानांकन देणारे मंडळ उभे राहिले. गेमच्या डब्यावर अक्षर छापले जाऊ लागले. ‘एम’ म्हणजे सतरा वर्षांपासून पुढे.

नुसत्या अक्षराने काही झाले नाही, हेही सांगायला हवे. १९९९ च्या कोलंबाइन शाळेतील गोळीबारानंतर फेडरल ट्रेड कमिशनने अल्पवयीन मुलांना गुपचूप ग्राहक म्हणून दुकानांत पाठवायला सुरुवात केली. २००० साली ‘एम’ गेम मागणाऱ्या दर शंभर मुलांपैकी ८५ जणांच्या हाती तो पडत होता. मग ही पाहणी ठरावीक काळाने होत राहिली, निकाल जाहीर होत राहिले, आणि दुकानदार गल्ल्यावर ओळखपत्र मागू लागले. २०११ मध्ये जाहीर झालेला आकडा होता १३. मुलांना असा माल विकू नये असे सांगणारा राष्ट्रीय कायदा नसताना हे घडले.

कायदे करण्याचे प्रयत्न मात्र थांबले नव्हते. इंडियानापोलिस, सेंट लुईस परगणा, इलिनॉय, मिशिगन, लुइझियाना: एकेक जण कोर्टात हरत गेला. सर्वांत गाजला तो कॅलिफोर्नियाचा कायदा. बालमानसशास्त्राचे शिक्षण घेतलेले आमदार लेलँड यी यांनी तो आणला, गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी २००५ मध्ये त्यावर सही केली. माणसाच्या प्रतिमेला ठार मारणे, अवयव तोडणे, लैंगिक अत्याचार करणे असे पर्याय असलेला आणि विकृत आवडीला खतपाणी घालणारा गेम अठरा वर्षांखालच्या मुलाला विकला, तर एक हजार डॉलरपर्यंत दंड. हा कायदा एक दिवसही अमलात आला नाही. २७ जून २०११ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी तो रद्द केला.

निकालपत्र अँटोनिन स्कालिया यांनी लिहिले. मुलांच्या वाङ्मयात हिंसा पूर्वीपासून आहे, असा त्यांचा मुद्दा होता: ग्रिम बंधूंच्या कथांत हेन्सेल आणि ग्रेटेल चेटकिणीला भट्टीत ढकलतात, सिंड्रेलाच्या सावत्र बहिणींचे डोळे पक्षी टोचून काढतात. राज्याने पुढे केलेल्या संशोधनातून हिंसक गेममुळे मुले हिंसक होतात हे सिद्ध होत नाही, असेही त्यांनी बजावले. तरीही या निकालात अधिक विचार करायला लावतात ती वेगळी मते. सॅम्युअल अलिटो यांनी कायदा संदिग्ध म्हणून फेटाळला, पण हे नवे माध्यम पुस्तकासारखेच आहे असे घाईने मानायला नकार दिला. स्टीफन ब्रेयर यांनी विरोधी मत नोंदवताना विचारले, की तेरा वर्षांच्या मुलाला नग्न स्त्रीचे चित्र विकायला मनाई आणि स्त्रीला बांधून तिचा छळ करायला लावणारा गेम विकायला मोकळीक, याला काय अर्थ? हा प्रश्न आजही अनुत्तरित आहे. ज्यांना हिंसक गेमवरची चिंता म्हणजे नुसता कांगावा वाटतो, त्यांनी ब्रेयर यांचे मत वाचावे.

संशोधन काय सांगते? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये आपला ठराव सुधारला. हिंसक गेम आणि ओरडणे, ढकलणे यांसारखी आक्रमक वर्तणूक यांत थोडा संबंध दिसतो. पण गोळीबारासारख्या हिंसेचे खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही, असे संघटनेने म्हटले. जपान आणि दक्षिण कोरियात गेमचे वेड काही कमी नाही, बंदुकीने होणारे खून मात्र अगदी थोडे. तरी २०१९ च्या ऑगस्टमध्ये एल पासो आणि डेटन इथल्या हत्याकांडांनंतर अध्यक्ष ट्रम्प यांनी बोट दाखवले ते बीभत्स गेमकडे. बंदुकांच्या विक्रीवर बोलणे राजकीयदृष्ट्या महाग पडते, गेमवर बोलायला काहीच लागत नाही. ही सवय आपल्या राजकारणानेही उचलू नये. मूल घरात गप्प का झाले, वस्तीतले मैदान कुठे गेले, शाळेत समुपदेशक का नाही, या प्रश्नांची जबाबदारी एका गेमवर ढकलता येत नाही.

दुकानांतल्या गुपचूप पाहणीने अमेरिकेत मिळवलेले यश आज जसेच्या तसे उचलता येणार नाही, कारण तिथे गल्ला होता आणि गल्ल्यामागे माणूस होता. आता गेम फुकट उतरवून घेता येतो. वय विचारले जाते, पण फोन बाबांचा, सिमकार्ड त्यांच्या नावावर आणि पासवर्ड मुलाला पाठ. ॲप स्टोअरवर वयाचा आकडा असतो, पण बहुतेक वेळा गेम बनवणाऱ्यानेच भरलेल्या प्रश्नावलीतून तो तयार होतो. सिनेमाला आपल्याकडे प्रमाणपत्र लागते. २०२१ च्या नियमांनी ओटीटीवरच्या मालिकांनाही ७, १३, १६ अशी वयोगटाची पाटी आली. त्याच पडद्यावर चालणाऱ्या गेमला मात्र अशी भारतीय पाटी नाही.

पाटी असण्याने सगळे सुटत नाही, पण ती नसण्याने नुकसान होते. ऑस्ट्रेलियात २०१३ पर्यंत गेमसाठी प्रौढांचा वेगळा वर्गच नव्हता. परिणामी काही गेम थेट नाकारले जात आणि इतर देशांत प्रौढांसाठी ठरलेले काही गेम तिथे पंधरा वर्षांच्या वर्गात बसवले जात. सर्वांत कडक दिसणारी व्यवस्था मुलांसाठी सर्वांत सैल ठरली होती.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. त्याचा रोख पैसे लावून खेळण्यावर आहे आणि तो योग्यच आहे. त्यात ऑनलाइन गेमची वर्गवारी आणि नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाचीही तरतूद आहे. या प्राधिकरणाने वयोगटाची पाटी ठरवण्याचे काम अंगावर घ्यावे. पाटीवर हिंसा किती, अनोळखी माणसांशी बोलणे आहे का, खेळता खेळता पैसे मागितले जातात का, हे मराठीसह भारतीय भाषांत लिहिलेले असावे. अल्पवयीन मुलांना नोंदणी करायला लावून कंपन्या वय खरोखर तपासतात का, याची गुपचूप पाहणी दरवर्षी व्हावी आणि नापास होणाऱ्यांची नावे छापली जावीत. महाराष्ट्र आणि गोव्याच्या खासदारांनी पुढच्या अधिवेशनात हाच आग्रह धरावा.